कालव्यावरचा पोस्टमन

अप्पांनी जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या आणि त्याबद्दल त्यांना पगार मिळाला. ते एका मोठ्या छापखान्यात प्रुफरीडर होते. कुठे वेलांटी चुकली, कुठे अक्षर उलटं पडलं, की समासात त्यांची लाल खूण उमटायचीच. निवृत्तीनंतर छापखाना सुटला, पण खोड सुटली नाही. औषधाच्या बाटलीवरचं लेबल असो नाहीतर शेजारच्यांची लग्नपत्रिका, त्यांचा डोळा नेमका चुकीवर जाऊन बसायचा. सूनबाई लग्न होऊन नवीन आली होती तेव्हा तिने एकदा फ्रिजवर ‘दुध संपलंय’ अशी चिठ्ठी लावली होती. संध्याकाळी दूधही आलं होतं आणि चिठ्ठीतला उकारही दीर्घ झाला होता. अप्पा त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. पण तेव्हापासून सूनबाई दूध संपल्याचं तोंडी सांगायला लागली.

दोघांचं काही वाकडं होतं असं नाही. सासूबाई होत्या तोवर बोलणं त्यांच्यामार्फत व्हायचं. त्या गेल्यावर “जेवायला चला” आणि “लाइटचं बिल आलंय” एवढ्यावर भागायला लागलं. सूनबाईची गल्लीच्या टोकाला ड्रायक्लीनिंगची लाँड्री होती. ती दिवसभर लोकांच्या कोटांवरचे शाईचे, तेलाचे, वाइनचे डाग काढायची आणि रात्री पाय गरम पाण्यात घालून बसायची. अप्पा आपल्या खोलीत वाचत असायचे. एका छपराखाली दोन सभ्य भाडेकरू राहावेत, तसं चाललं होतं.

पाऊस संपता संपता, एका सकाळी दाढी करताना अप्पांच्या हातून ब्रश गळून पडला. तो उचलायला ते वाकले ते उठलेच नाहीत. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा पाय थोडा ओढत होते, हात बराचसा परत आला होता. शब्द मात्र घरंगळून भलत्याच खणात जाऊन पडले होते. पाणी हवं असलं की ते म्हणायचे, “खिडकी दे.” चष्म्याला ‘भाकरी’. आणि मुलाला, एकुलत्या एक मुलाला, कधी ‘गोदाम’, कधी ‘बुधवार’.

त्यातलं वाईट हे की त्यांना ते ऐकू यायचं. शब्द तोंडातून बाहेर पडला रे पडला की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा आणि उजव्या हाताची तर्जनी हवेत एक छोटीशी शेपटीवाली खूण काढायची. छापखान्यात ‘हे काढून टाका’ म्हणायला जी खूण करतात, ती. जन्मभर दुसऱ्यांच्या पानांवर काढलेली ती खूण आता ते स्वतःच्याच बोलण्यावर काढत होते. हळूहळू त्यांनी बोलणंच आवरतं घेतलं.

डॉक्टर म्हणाले, रोज चालवा, मोकळ्या हवेत. मुलाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. पहाटेपासून तो नवशिक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून बसलेला असायचा. लाँड्रीचं शटर दहाला उघडायचं. म्हणजे काम कुणाच्या गळ्यात पडणार हे उघडच होतं.

“दिवसभर उभी असते मी. आता सकाळीही चालू?” सूनबाई नवऱ्याला म्हणाली.

“थोडे दिवस,” तो म्हणाला. “मग जातील एकटे.”

गल्लीच्या मागे एक जुना कालवा होता. आता त्याचं पाणी कुणी फारसं वापरत नसे, त्यामुळे ते आपल्या मर्जीने संथ झालं होतं. काठाने मातीची पायवाट, एका बाजूला वाळुंजाच्या झाडांची रांग, दुसऱ्या बाजूला पाणकणसांचं रान, आणि पुढे बंद पडलेलं पंपहाउस. लग्न झाल्यापासून सूनबाई त्या गल्लीत राहत होती, पण कालव्यावर कधी फिरकली नव्हती. तिकडे डास असतात एवढंच तिला ठाऊक होतं.

पहिले काही दिवस ती खाली बघूनच चालली. अप्पांचा पाय कुठे पडतोय, खड्डा कुठे आहे, परत फिरायची वेळ झाली का. अप्पाही खाली बघून चालायचे. दोघं मिळून मातीचा इंच न् इंच पाठ करत होते म्हणा ना.

मग एका सकाळी अप्पा थांबले. पाण्यात एक करडा बगळा उभा होता. एक पाय पोटाशी, मान खांद्यात, चेहऱ्यावर असा भाव की जगातली सगळी कामं याच्याच सहीसाठी अडलीत.

“मॅनेजर,” अप्पा म्हणाले.

त्यांचं बोट सवयीने वर आलं. पण सूनबाई फस्सकन हसली होती. तिला हसू आवरेना. “अगदी तस्साच, अप्पा! आमच्या बँकेतला. काउंटरवर रांग लागलीय आणि हा बघा.”

अप्पांनी तिच्याकडे बघितलं, मग बगळ्याकडे. वर आलेलं बोट तसंच खाली गेलं. आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा ते हसले. तोंडाची उजवी बाजू जरा मागे राहिली, पण हसले.

तिथून पुढे त्या दोघांचं कालव्यावर वेगळंच बोलणं सुरू झालं. अप्पा जे म्हणतील ते तिने धरून चालायचं. पंख पसरून ओंडक्यावर उन्हाला बसलेला पाणकावळा त्यांच्या तोंडी ‘कोट’ झाला. “वाळायला वेळ लागणार याला,” सूनबाई म्हणाली, “अस्तर जाड आहे.” कासव ‘झाकण’ झालं. पाणकणसांवर भिरभिरणारे लाल चतुर झाले ‘स्वल्पविराम’. हा शब्द चुकून आला की अप्पांनी मुद्दाम काढला, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि निळा विजेसारखा पाण्यावरून सुसाटत जाऊन खांबावर टेकणारा, चोचीत नेहमी काहीतरी घेऊन घाईत असणारा खंड्या, तो ‘पोस्टमन’.

“आज लवकर निघालाय पोस्टमन,” ती म्हणायची.

अप्पा मान डोलवायचे. बोट खाली.

थंडी आली. वाळुंजांची पानं पिवळी होऊन पाण्यावर पडायला लागली, आणि वारा नसला की ती तशीच निजून राहायची. सकाळी धुकं इतकं असायचं की पंपहाउस आहे की नाही ते जवळ गेल्यावरच कळायचं. धुक्यात आवाज मात्र स्पष्ट यायचे. पाणकोंबडीचं कुरकुरणं, कुठेतरी माशाने मारलेली उडी. गवतावर कोळ्यांची जाळी दवाने भरून आलेली असायची. डाग पडलेलं रेशीम उजेडाकडे धरून बघावं तशी सूनबाई एकेका जाळ्यासमोर वाकून उभी राहायची. आता घाई अप्पा करायचे. तिच्या मागे उभे राहून घसा खाकरायचे.

पायाचं गरम पाणी कधी बंद झालं, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

घरी मात्र वेगळं चाललं होतं. वाचा-उपचाराच्या बाईंनी चित्रांची कार्डं दिली होती. मुलगा रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ती घेऊन बसायचा. तो अनोळखी माणसांना क्लच आणि ब्रेक दिवसभर न चिडता समजावणारा माणूस. पण वडलांपुढे बसला की त्याचा आवाज चढायचा. चिडून नाही, भीतीने.

“अप्पा, हे काय? प... पक्...”

अप्पा कार्डाकडे बघायचे. ओठ हलायचे. मग बोट हवेत खूण काढायचं, शब्द यायच्या आधीच.

एका संध्याकाळी कार्डावर बगळा आला. अप्पा खुलले आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, “मॅनेजर.”

सूनबाई स्वयंपाकघरात हसली. मुलगा हसला नाही. अप्पा झोपायला गेल्यावर तो तिच्याजवळ आला.

“तू त्यांना चुकीचं शिकवतेयस.”

“मी काही शिकवत नाही. मी फक्त बोलते त्यांच्याशी.”

“बोलतेस ते तुम्हा दोघांना कळतं. तिसऱ्याला? उद्या त्यांना काही झालं, रस्त्यात कुणाला काही सांगायची वेळ आली, तर कोण समजून घेणार?”

तिने भांडं पुसता पुसता म्हटलं, “निदान माझ्याशी बोलतात तरी. तुमच्या कार्डांपुढे त्यांचं तोंड मिटतं, ते दिसत नाही तुम्हाला?”

तो ओट्याला टेकून उभा राहिला. आपण नको तिथे बोट ठेवलं हे तिला लगेच कळलं, पण शब्द निघून गेले होते.

वाळुंजांना पालवी फुटली तेव्हा पोस्टमनचं वागणं बदललं. तो खांबावर टेकेनासा झाला. पंपहाउसच्या पलीकडे कालव्याचा काठ उभा कापल्यासारखा होता, तिथे मातीत एक भोक दिसायला लागलं, आणि तो चोचीत मासा धरून सरळ त्या भोकात शिरायचा. भोकाखाली पांढरे ओघळ. आतून बारीक चिरचिर ऐकू यायची, यंत्रात सुई अडकावी तशी.

“पिल्लं आहेत, अप्पा,” सूनबाई कुजबुजली.

अप्पांनी तिचा हात धरला. तिला त्या घरात येऊन एवढी वर्षं झाली, पण त्यांनी तिचा हात कधी धरला नव्हता. भोकाकडे बघत ते तसेच उभे राहिले आणि हात सोडायचं विसरून गेले.

त्याच दिवसांत एका नाटक कंपनीचे कोट लाँड्रीत आले. रंगमंचावरच्या मेकअपने सगळ्या कॉलरी बरबटलेल्या, आणि माल दुसऱ्या दिवशी हवा. “अप्पा, आज नाही हं जमणार फिरायला,” असं सांगून सूनबाई सकाळीच दुकानात गेली. अप्पांनी मान हलवली. ते ‘बरं’ होतं की ‘नाही’, हे बघायला ती थांबली नाही.

दुपारच्या सुमाराला नवरा लाँड्रीच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा पांढराफटक. बाहेर शिकाऊ पाटीची गाडी दार उघडं टाकून तशीच उभी होती.

“अप्पा पोस्टात गेलेत, अजून आले नाहीत.”

“पोस्टात?”

“खालच्या काकूंना सांगून गेलेत. मी पोस्टात जाऊन आलो. तिथे कुणी त्यांना पाहिलंच नाही. मधले सगळे रस्ते फिरलो. दवाखान्यात फोन केला. कुठे पडले असतील तर... नाव तरी सांगता येईल का त्यांना?”

सूनबाईच्या हातात वाफेची इस्त्री तशीच फुसफुसत होती. “काकूंना नेमकं काय म्हणाले?”

“पोस्टमनकडे जातो म्हणाले.”

तिने इस्त्री बंद केली. “अहो, गाडी राहू द्या,” ती चपला शोधत म्हणाली. “माझ्याबरोबर चला.”

कालव्याच्या वाटेवर ती पुढे आणि तो मागे, दोघंही जवळजवळ धावत होते. दुपारचं ऊन होतं. या वेळी तिने कालवा कधी पाहिला नव्हता. पाण्याची चमक डोळ्यांत घुसत होती, आणि त्या पाण्याकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. नवऱ्याचं ते वाक्य कानात घुमत होतं. कोण समजून घेणार?

पंपहाउस मागे पडलं आणि अप्पा दिसले. उताराच्या सावलीत मातीवर बसले होते. एक बूट चिखलात रुतून पायातून निघाला होता, विजारीला गुडघ्यापर्यंत राड लागली होती. उतरताना उतरले असावेत, पण त्या पायाने परत चढणं जमलं नसावं. टोपी नीट डोक्यावर होती.

“अप्पा!” मुलगा ओरडला.

अप्पांनी मान न वळवता हात वर केला. गप्प.

तो गप्प झाला. दोघं उतारावरून घसरत त्यांच्यापर्यंत पोचले. पाण्यावरून निळी रेघ आली, काठापाशी थबकली आणि भोकात गडप झाली. आतून चिरचिर वाढली, मग निवली. पक्षी बाहेर पडला, त्याने पाण्यात एक बुडी मारून अंग धुतलं आणि निघून गेला.

“पोस्टमन,” अप्पा मुलाला म्हणाले. ओळख करून द्यावी तसे.

सूनबाईला दिसलं की नवऱ्याचे ओठ ‘खं’ म्हणायला उघडले. सवय होती ती. ओठ तसेच राहिले, मग मिटले. तो वडलांच्या शेजारी चिखलात बसला. कामावर घालायची स्वच्छ पँट होती त्याची.

“रोज येतो?” त्याने विचारलं.

“हो.” थोडं थांबून, “घरी... घरी मुलं.”

दोन्ही शब्द अगदी जागच्या जागी होते. मुलाने मान खाली घातली. सूनबाई चिखलातला बूट उपटायला लागली, कारण त्या वेळी काहीतरी करत राहणं बरं होतं. बूट निघाला तो असा आवाज करून की अप्पांनी दचकून तिच्याकडे बघितलं.

दोघांनी दोन्ही काखांत हात घालून अप्पांना वर आणलं. संध्याकाळी ती विजार भिजत घालताना सूनबाई नवऱ्याला म्हणाली, “तुमचं खरं होतं. मी दुकानात सापडले नसते, तर?”

“तू नसतीस तर मी अजून पोस्टाभोवतीच फिरत असतो,” तो म्हणाला. मग जरा वेळाने, “मला ते पक्ष्याचं काहीच ठाऊक नव्हतं. तुम्ही दोघं बोलायचात, मी विचारलंच नाही कधी.”

पुढच्या खेपेला त्यांनी दोघांनी मिळून सगळं वाचा-उपचाराच्या बाईंना सांगितलं. त्या मनापासून हसल्या आणि म्हणाल्या, त्यांचा शब्द पुसू नका, त्याच्या शेजारी आपला ठेवा. दोन्ही चालू देत. तेव्हापासून सूनबाई म्हणायला लागली, “पोस्टमन आला, अप्पा. खंड्या आला.” अप्पांच्या हातात काठी आणि खिशात घरच्या फोन नंबरची चिठ्ठी आली. त्या चिठ्ठीत चूक नाही ना, हे त्यांनी चष्मा लावून नीट तपासलं.

मुलगा रविवारी बरोबर यायला लागला. पहिल्या रविवारी तो रस्ता तपासावा तसा चालला, “इकडून वळा, दगड आहे” करत. सूनबाईने त्याला पुढे पाठवून दिलं. नंतर तो निवला. पिल्लं भोकाच्या तोंडाशी येऊन बसली तेव्हा तो तिथेच होता. आखूड शेपटीची, मळकट निळी, एकमेकांना ढकलणारी. त्यातलं एक पाण्यावर पडता पडता कसंबसं फांदीवर गेलं. “क्लच सोडला एकदम,” मुलगा म्हणाला. अप्पांच्या पोटात हसू मावेना, त्यांना ठसका लागला.

पावसात काठ ढासळला आणि ते भोक मातीखाली गेलं. कालवा तुडुंब भरला, वाट चिखलाने बंद झाली, तेव्हा तिघं खिडकीत बसून पाऊस बघायचे. अप्पांचे सगळे शब्द परत आले नाहीत. काही आले, काही येऊन पुन्हा गेले. पाण्याला ‘पाणी’ म्हणायला लागले. मुलगा मात्र मधूनमधून ‘बुधवार’ होत राहिला, आणि आता तो त्या हाकेलाही ओ द्यायचा. हवेतली ती खूण कमी झाली. गेली नाही.

पुन्हा पानं पिवळी व्हायच्या सुमाराची गोष्ट. अप्पांना तपासणीसाठी घेऊन मुलगा सकाळीच दवाखान्यात गेला होता. सूनबाईला त्या दिवशी फिरायला जायचं काही कारण नव्हतं. चहाचा कप धुऊन ठेवेपर्यंत ती घरातच थांबणार होती. मग बघते तर पायात चपला होत्या आणि ती कालव्यावर होती.

एकटीने चालताना वाट लांब वाटली. मॅनेजर आपल्या जागेवर होता. पंपहाउसच्या पायरीवर ती बसली. समोरच्या पाणकणसांत काहीतरी हललं. आधी तिला वाटलं कुत्रं असेल. मग पाण्यातून एक चपटं, तपकिरी डोकं वर आलं, मिशांना थेंब लागलेले. त्यामागून लांबलचक गुळगुळीत पाठ, मग जाडजूड शेपूट. पाणमांजर. ते उताणं झालं, दोन्ही पंजांत मासा धरला आणि एखादं मूल कणीस खातं तसं करकर खायला लागलं. खाऊन झाल्यावर त्याने तिच्याकडे एकदा नीट बघून घेतलं, आणि पाणी मिटलं.

ती तिथेच बसून राहिली. आजूबाजूला सांगायला कुणी नव्हतं. त्या दिवशी लाँड्रीचं शटर उशिरा उघडलं, आणि एका गिऱ्हाइकाच्या जाकिटाऐवजी दुसऱ्याचंच जाकीट तिने कागदात गुंडाळून दिलं.

रात्री जेवताना तिने दोघांना सांगितलं. हातवारे करून सांगितलं, मिशा दाखवल्या, ते कसं उताणं झालं ते खुर्चीत मागे रेलून दाखवलं.

“कालव्यात?” नवरा म्हणाला. “गल्लीमागच्या? मांजर असेल गं. पडलं असेल पाण्यात.”

“अहो, मांजर पाण्यात उताणं पडून मासा खातं का?”

अप्पा घास चावत तिच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मुलाने सकाळची पहिली शिकवणी पुढे ढकलली. तिघंही पंपहाउसपाशी जाऊन उभे राहिले. धुकं होतं. पाणकणसं हलली, सूनबाईने दोघांचे दंड पकडले, आणि आतून पाणकोंबडी कुरकुरत बाहेर आली. बराच वेळ गेला. एक पान पडलं. मुलाने घड्याळ बघितलं, मग घड्याळ बाहीखाली लपवलं. पाणमांजर काही आलं नाही.

अप्पा काठीवर दोन्ही हात ठेवून, अगदी सावकाश सुनेकडे वळले.

“थापा मारतेस,” ते म्हणाले.

शब्द स्वच्छ होते, त्यात कानामात्रेचाही फरक नव्हता. मुलगा आधी थक्क झाला आणि मग इतका हसला की मॅनेजर वैतागून उडून गेला. सूनबाई लटक्या रागाने पुढे चालायला लागली, आणि तिच्यामागे काठीचा थपथप आवाज घाईघाईने यायला लागला.

“उद्या परत येऊ,” ती मागे न बघता म्हणाली. “मग बघते कोण थापाड्या आहे ते.”